सतरा नंबरचा जोड

तुमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरला कुठे जोड नसतो. एकाच पत्र्यातून दाबून काढलेलं भांडं ते, म्हणून वर्षानुवर्षं तक्रार न करता शिट्ट्या देतं. पण माणूस आत उभा राहील एवढा कुकर करायचा झाला, तर जाड पोलादी पत्रे वाकवून, वितळवून एकमेकांना जोडावे लागतात. भाताच्या गिरण्या, कापड रंगवण्याचे कारखाने, इस्पितळांची धुलाईघरं, सगळीकडे अशा वाफेच्या टाक्या लागतात. जिथे जोड आला तिथे संशय आला, आणि जिथे संशय आला तिथे मी आलो. चेन्नईच्या पश्चिम टोकाच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं मी वेल्डिंगचे जोड तपासतो आहे.

मूळचा मी नगर जिल्ह्यातला, मराठी ख्रिस्ती घरातला. नाव शमुवेल. इथली तमिळ माणसं तोंडावर ‘सामुएल सार’ म्हणतात आणि पाठ वळली की ‘सिवप्पु सार’. सिवप्पु म्हणजे लाल. हे नाव मला माझ्या रंगाच्या डब्यावरून पडलं.

जोडातली भेग डोळ्यांना दिसत नाही. ती शोधायला जोडावर एक पातळ लाल रंग लावतात आणि पंधरा मिनिटं थांबतात. रंग भेगेत शिरतो. मग वरचा रंग फडक्याने स्वच्छ पुसून काढायचा. पुसल्यावर जोड अगदी निर्दोष दिसतो, आणि नवखे लोक इथेच फसतात. त्यावर पांढरी भुकटी फवारायची. भेग असली तर आत लपलेला लाल रंग त्या पांढऱ्यावर उमटतो, केसाएवढी बारीक रेघ. मी खडूने तिच्याभोवती गोल काढतो. गोल काढला की वेल्डरने तेवढा भाग खरवडून पुन्हा भरायचा. एकाच जागी अशी दुरुस्ती दोनदा करता येते. तिसऱ्यांदा भेग निघाली तर तो तुकडाच कापून फेकायचा.

ही नजर मी घरीही नेली. नाताळच्या फराळाला बायको करंज्या करते. एकदा मी सहज म्हणालो, “ही कड नीट दाबली नाहीस, तळताना फुटेल.” ती म्हणाली, “भिंग आणा तुमचं. आणि काढा खडूने गोल.” ती करंजी खरोखर फुटली, आणि मी बरोबर ठरल्याच्या आनंदात दोन दिवस घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं हे माझ्या लक्षातच आलं नाही.

एक गिरणीमालक आठवतो. आपली नवी टाकी बघायला सहकुटुंब आला होता. मी नेमका लाल रंग लावून थांबलो होतो. टाकीच्या पोटावरून गेलेली ती लाल रेघ बघून त्याने हात जोडले. “सार, पुसू नका. किती मंगल दिसतंय, कुंकू लावल्यासारखं!” मी म्हणालो, पुसावंच लागेल, नाहीतर तपासणी पुरी होत नाही. “एक बोटभर तरी ठेवा हो, कोपऱ्यात. दृष्टीला.” मी नियम सांगितला आणि पुसून टाकलं. त्याची म्हातारी आई खट्टू होऊन बाजूला झाली. तपासणी संपल्यावर अंगठ्याएवढा ठिपका लावून दिला असता तर कुठल्याही टाकीचं काही बिघडलं नसतं. पण मला त्या काळी ‘नाही’ म्हणण्यात स्वच्छ वाटायचं. नुकती आंघोळ केल्यासारखं.

हा लेख ज्याच्याबद्दल आहे तो माणूस म्हणजे आमचा सतरा नंबर.

आमच्याकडे प्रत्येक वेल्डरची परीक्षा होते. पास झाला की त्याला एक नंबर मिळतो, आणि त्या नंबराचा पोलादी ठसा. जोड पुरा झाला की त्याच्या टोकाशी ठसा धरून हातोडीने ठोकायचा. तो आकडा टाकी असेपर्यंत राहतो. याचा अर्थ, हा जोड मी केला, फुटला तर मला विचारा. नंबर नसलेल्या माणसाने जोड केला आणि दुसऱ्याने त्यावर आपला ठसा मारला, तर तो आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा खोटेपणा. त्यावर माणसं मरू शकतात.

सतरा नंबर ज्ञानराज अण्णाचा होता. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, उंच, काटक, कमी बोलणारा. त्याचा जोड म्हणजे माशाचे खवले एकावर एक निगुतीने मांडल्यासारखा. प्रत्येक वेल्डरचा हात हस्ताक्षरासारखा ओळखू येतो. ठसा न बघता कुणाचा जोड ते सांगायची पैज मी तरुण पोरांशी लावायचो आणि जिंकायचो. त्याचा मला गर्व होता.

आम्ही दोघं एकाच तमिळ मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जायचो. मी तिच्या कमिटीवर होतो. ज्ञानराज अण्णा माझ्या पुढे दोन बाकं सोडून बसायचा आणि महिन्यातून एकदा प्रभुभोजनाच्या वेळी पाळकांच्या मागून द्राक्षारसाचा प्याला घेऊन रांगेपुढून जायचा. कारखान्यात तो मला ‘सार’ म्हणायचा, चर्चच्या आवारात चिंचेखाली भेटला की ‘तंबी’, धाकटा भाऊ. एका रविवारी त्याने पाळकांना सांगितलं की प्याला आता दुसऱ्या कुणाला द्या. कारण सांगितलं नाही. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, म्हणजे आतापासून दहा वर्षांपूर्वी, एका इस्पितळाची टाकी माझ्यापुढे आली. मी बॅटरी घेऊन आत शिरलो. आतला आडवा जोड बघितला आणि थांबलो. ठसा सतरा नंबरचा होता. पण ज्ञानराज अण्णाचा जोड नेहमी डावीकडून उजवीकडे जायचा, आणि हा उजवीकडून डावीकडे गेला होता. खवल्यांची तोंडं उलटी होती. खवलेही जरासे जाड, नव्याने अक्षर गिरवणाऱ्याचे असावेत तसे. मी लाल रंग लावला, भुकटी फवारली. रेघ उमटली नाही. एक्स-रेची फिल्मही स्वच्छ निघाली. जोड चांगला होता. पण माझ्या मते तो सतरा नंबरचा नव्हता.

मी त्याला टाकीपाशी बोलावलं. आजूबाजूला आठ-दहा जण काम करत होते. माझा आवाज ऐकून त्यांचे हात थांबले.

“अण्णा, हा जोड कुणी केला?”

“मीच, सार.”

“तुमचा हात मी ओळखतो.”

“माझाच हात आहे, सार.”

“कुणाला वाचवताय? ज्याच्याकडे नंबर नाही अशा कुणाला तुम्ही आत जाऊ दिलंत. त्याचं नाव सांगा, प्रकरण इथेच मिटवतो.”

त्याने आपल्या उजव्या हाताचा मोजा डाव्या हाताने घट्ट धरला होता. हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं होतं, पण बघितलं नव्हतं. तो तिसऱ्यांदा म्हणाला, “माझाच हात आहे.”

टाकीच्या आत वेल्डर एकटाच असतो, त्यामुळे साक्षीदार नव्हता. मी अहवाल लिहिला. कारखान्याच्या मॅनेजरने मधला मार्ग काढला. “ज्ञानराज, एवढाच जोड आमच्यासमोर करून दाखव. पाच मिनिटांचं काम आहे.” त्याने नकार दिला. मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाले, “संपलं मग.”

नंबर रद्द झाला की ठसा तपासणी विभागात जमा करायचा, एवढाच नियम होता. पण आमच्या वर्कशॉपमध्ये एक रीत पडली होती. रद्द झालेला ठसा सगळ्यांसमोर घासणीच्या चाकावर धरायचा आणि त्याचं तोंड सपाट करून टाकायचं. ही रीत मी सुरू केली नव्हती. पण त्या दिवशी ठसा मी स्वतः धरला. ठिणग्या उडाल्या. सतरातला एक आधी गेला, मग सात. ज्ञानराज अण्णा मागे उभा होता. चाक थांबल्यावर त्याने एवढंच विचारलं, “हत्यारांच्या कोठीत जाऊ ना, सार?” तिथे त्याची बदली झाली होती. पुढची चार वर्षं, निवृत्त होईपर्यंत, बत्तीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस खिडकीतून बाकीच्यांना काचा आणि हातमोजे देत बसला.

इथे थांबलो असतो तर निदान म्हणता आलं असतं की मी माझं काम केलं. मी थांबलो नाही. पुढच्याच आठवड्यात मंडळीच्या कमिटीत विषय काढला. खोटी साक्ष देऊन ती कबूलही न करणारा माणूस प्रभूच्या मेजाशी कसा येऊ शकतो, असं विचारलं. म्हातारे पाळक अवघडले. “सामुएल, तुम्ही त्याला एकांतात विचारलंत का?”

“विचारलंय, अय्या. तीनदा विचारलं.”

एकांतात नव्हतं विचारलं. पण प्रश्नाचा तेवढा भाग मी कानाआड केला. आणि वर म्हणालो, “प्याला त्याने आपणहून सोडला, आठवतं ना? सदसद्विवेक टोचत असल्याशिवाय कोण सोडतो?” हे वाक्य निर्णायक ठरलं. कबुली देऊन पश्चात्ताप करेपर्यंत त्याने प्रभुभोजनात भाग घेऊ नये, असं ठरलं.

त्यानंतरचे दोन रविवार तो आला. दुसऱ्या रविवारी प्रभुभोजन होतं. त्याच्या बाकावरचे सगळे उठून पुढे गेले. त्याची बायको स्टेला अक्का उठली, त्याच्याकडे बघून पुन्हा बसली. सगळा बाक रिकामा आणि मध्ये ती दोघं. मी त्यांना वळसा घालून पुढे गेलो, भाकर घेतली, प्याल्यातून प्यालो. मला आत कुठे काही लागलं नाही. पुढच्या रविवारपासून ती दोघं यायची बंद झाली.

सात वर्षं गेली. आमच्या मंडळीत नव्या पाळकबाई आल्या. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पहिल्याच बैठकीत त्यांनी जुनं रजिस्टर मागवलं आणि जी माणसं यायची थांबली होती त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून आम्हा कमिटीवाल्यांना वाटल्या. भेटून या, म्हणाल्या. काही शिकवू नका, बोलावूही नका, नुसते भेटून या. माझ्या चिठ्ठीवर ज्ञानराज अण्णाचं नाव होतं.

“अम्मा, ही दुसऱ्या कुणाला द्या. आमचं जुनं प्रकरण आहे.”

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच तुम्हाला.”

निवृत्तीनंतर तो पेरुंगुडीला राहायला गेला होता. अण्णा नगरच्या आमच्या घरून एका शनिवारी दुपारी मी निघालो. काचेच्या उंच कार्यालयांच्या मागे अजून एक जुनी गल्ली शिल्लक होती, तिच्यात बैठ्या घरांची ओळ. शेवटच्या घराला लोखंडी फाटक होतं. कडी वाजवायला हात पुढे केला आणि सवयीने नजर जोडावर गेली.

फाटकाच्या खालच्या बाजूला एक जाड पट्टी आडवी जोडली होती. हातभर लांबीचा जोड. खवले एकावर एक, निगुतीने मांडलेले. आणि तोंडं उलटी. उजवीकडून डावीकडे.

मी फाटकाशी उकिडवा बसलो. आतून स्टेला अक्का आली. तिने मला ओळखलं.

“काय तपासताय, सार? नापास झालं का आमचं फाटक?”

“अक्का, हे कुणी केलं?”

“कोण करणार? त्यांनीच.”

“हा जोड...”

“डाव्या हाताने केलाय. उजवा ऐकत नाही ना त्यांचा. आठ वर्षं झाली आता. आधी बोटं थरथरायची, मग मनगट. चार महिने दर रविवारी शेजारच्या गॅरेजमध्ये जाऊन डाव्या हाताने जोड शिकले, तीस-बत्तीस वर्षांची उजव्या हाताची सवय मोडून. तुम्हाला माहीत नव्हतं?” ती हसली नाही. “हो, तुम्हाला कसं माहीत असणार. तुम्ही फक्त हात ओळखता.”

फाटकाचा गज धरून उठलो.

आत ज्ञानराज अण्णा खुर्चीत बसला होता. वाळला होता. उजवा हात मांडीवर सतत हलत होता, आता डावाही थोडा. मला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला.

“वांगा, सार. या, बसा.”

मी बसलो नाही. तमिळमध्ये बोलायची चोवीस वर्षांची सवय त्या क्षणी पळून गेली. जे आलं ते अर्धं मराठीत आलं. मी म्हणालो की जोड तुमचाच होता. मी म्हणालो की चूक माझी. आणखी काय काय म्हणालो. त्याला शब्द कळले नसतील, पण तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, “सात वर्षं लागली, सार? तुमचा रंग पंधरा मिनिटांत उमटतो ना?”

मी विचारलं, “अण्णा, सांगितलं का नाहीत? समोर करून दाखवलं का नाहीत?”

“डाव्या हाताने दाखवलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, उजव्याला काय झालं. मग डॉक्टर. डॉक्टरने घरी पाठवलं असतं. आजारी म्हणून घरी जाण्यापेक्षा खोटारडा म्हणून कारखान्यात राहिलो. लोखंडाचा वास तरी येत होता.” मग तो म्हणाला, “आणि मला वाटलं होतं, तुम्ही याल. रविवारी, चिंचेखाली, एकटे. ‘अण्णा, खरं काय’ म्हणाल. विचारलं असतं तर तंबीला सांगितलं असतं. सारला नाही सांगता येत.”

“आणि प्याला?”

“सांडेल म्हणून सोडला. प्रभूचा प्याला, कुणाच्या अंगावर सांडला तर?”

स्टेला अक्काने कॉफी आणली. माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “बघून घ्या, सार. काही भेगबिग असेल.” आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ज्ञानराज अण्णा हळूच म्हणाला, “ती माफ करणार नाही. तिला घाई करू नका.”

“आणि तुम्ही?”

“मी तर तेव्हाच...” त्याने हात हलवला, की तो आपोआप हलला, कळलं नाही. “तुम्ही टाकी नीट तपासायचात, सार. माझ्या मुलीचं बाळंतपण त्याच इस्पितळात झालं. टाकी कधी फुटली नाही. मला तेवढं पुरे.”

परत येताना मेट्रोत मी तोंडावर रुमाल धरून बसलो होतो.

सोमवारी कारखान्यात जाऊन अर्ज लिहिला. सतरा नंबरच्या जोडाबाबत माझा निष्कर्ष चुकीचा होता, जोड त्याचाच होता, ही नोंद माझ्या सहीने करावी. मॅनेजर नवे होते. “माणूस निवृत्त झाला, फाइल बंद झाली. कशाला उकरता? तुमच्याच नोकरीच्या कागदात जाईल हे.” मी म्हणालो, जाऊ दे. गेलं. ठसा मात्र परत करता आला नाही. त्याचं तोंड मीच घासलं होतं. माझ्या खणात तो सपाट लोखंडी तुकडा पडून होता, अजून आहे. ठसा घासायची रीत मी त्या महिन्यात बंद केली. कुणी कारण विचारलं नाही.

मंडळीत रविवारी उपासनेनंतर पाळकबाईंच्या परवानगीने उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, एकांतात विचारल्याचं खोटं सांगितलं होतं तेसुद्धा. लोक खाली बघत होते. माझी बायको माझ्याकडे बघत होती. जन्मात पहिल्यांदा मी तिला बरोबर असल्यासारखा दिसत नव्हतो, आणि ती रडत होती.

पण माझी जुनी खोड गेली नव्हती. पुढच्या प्रभुभोजनाला मी जागेवरून उठलोच नाही. त्याच्या पुढच्याही. सात वर्षं त्याने जे भोगलं ते मीही भोगावं, असा हिशोब मी मनाशी घातला होता. पाळकबाईंनी मला चिंचेखाली गाठलं.

“सामुएल सार, तुम्हाला कमिटीने मना केलंय का?”

“नाही, अम्मा. मीच.”

“म्हणजे पुन्हा तुम्हीच तपासणार, तुम्हीच निकाल देणार, तुम्हीच ठसा घासणार. फक्त या वेळी माणूस तुम्ही.” त्या चिडल्या होत्या. “थोडं काम देवाला ठेवा की.”

पुढच्या प्रभुभोजनाला मी उठून रांगेत गेलो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो, नाहीतर माझ्या धंद्यातले लोक हसतील. जोडाला दया दाखवता येत नाही. भेग असली तर मी आजही गोल काढतो, तिसऱ्यांदा निघाली तर तुकडा कापायला लावतो. तिथे मऊ पडलो तर कुणाच्या तरी अंगावर टाकी फुटेल. पण हा नियम लोखंडासाठी केलेला आहे. शिष्य पेत्राने किती वेळा माफ करायचं ते विचारलं तेव्हा प्रभूने त्याला जो आकडा सांगितला तो मोजून संपणारा नव्हता, हे मी लहानपणापासून पाठ म्हणत होतो आणि माणसांना दोन दुरुस्त्यांचा नियम लावत होतो. ज्ञानराज अण्णाला तर मी एकही दिली नाही. त्याच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, ही गोष्ट वेगळीच.

गेल्या वर्षी आमच्या विभागात आलेल्या एका तरुण इंजिनियर मुलीने मला एक जोड दाखवला. “सर, हा माणूस तीन दिवस सारखा चुकतोय. रिपोर्ट करू?” मी म्हणालो, “जोडावर गोल काढ. मग त्याला चहाला घेऊन जा, एकट्याला, आणि विचार की घरी सगळं बरं आहे ना.” ती चहाला घेऊन गेली. त्याच्या घरी काय होतं ते मला कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. चौथ्या दिवशी गोल काढावा लागला नाही.

ज्ञानराज अण्णाकडे मी महिन्यातून एकदा जाऊ लागलो. त्याला मंडळीत या असं म्हणायची हिंमत मला झाली नाही. अक्का अजूनही मला ‘इन्स्पेक्टर आले’ म्हणूनच आत सांगते. कॉफी मात्र आता न बोलता ठेवते. यंदाच्या पावसाळ्याआधी एकदा त्यानेच विषय काढला.

“तंबी,” तो म्हणाला. दहा वर्षांनी म्हणाला. “मला मेजाशी यायचंय. पण आता दोन्ही हात गेले. प्याला माझ्याच्याने धरवणार नाही.”

“पाळकबाई धरतील, अण्णा.”

“नको. तू धर.”

मी म्हणालो की मी प्याला धरायच्या लायकीचा नाही. तो खो खो हसला. त्याला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं होतं. “मग मी तरी कुठे लायकीचा आहे? कमिटीचा ठराव आहे ना तसा!”

ठराव मंडळीने रद्द केलेला होता, हे त्याला माहीत होतं.

त्या रविवारी जावयाच्या गाडीतून तो आला. पांढरा शर्ट, कमरेला पांढरी वेष्टी, दोन्ही कडक इस्त्रीची. अक्काने त्याला त्याच्या जुन्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. त्याला गुडघे टेकता येत नव्हते, म्हणून पाळकबाई भाकर घेऊन त्याच्यापाशी आल्या आणि मागे वळून त्यांनी प्याला माझ्या हातात दिला. चांदीचा प्याला एवढा जड असतो हे मला माहीत नव्हतं.

मी वाकलो. त्याने मान वर केली. त्याचे हात मांडीवर थरथरत होते, पण मान अगदी स्थिर होती. मी प्याला त्याच्या ओठांना लावला, आणि माझेच हात कापायला लागले. तो प्यायला. प्याला मागे घेताना एक थेंब कडेवरून निसटला आणि त्याच्या छातीवर पडला. पांढऱ्या शर्टावर लाल रेघ ओघळली, बारीक, केसाएवढी.

मी खिशातला रुमाल काढायला गेलो. ज्ञानराज अण्णाने आधी त्या रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“पुसू नको, तंबी. पास.”